काठी, काठी, साप

डार्विनला कधी जावं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: मे ते ऑगस्ट. आकाश निळं, हवा कोरडी, सगळे रस्ते उघडे, रात्री अंगावर चादर घ्यावी इतपत गारवा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा हा ‘ड्राय’ फिरायला झकासच आहे. पण साप बघायला जाणाऱ्याची तिथे बरीचशी निराशा होते. मला साप बघायचे होते, म्हणून मी नोव्हेंबरची तिकिटं काढली. डार्विनमध्ये बरीच वर्षं असलेला माझा आतेभाऊ फोनवर एवढंच म्हणाला, “ये, पण नंतर मला बोल लावू नकोस.”

नोव्हेंबर म्हणजे तिथला ‘बिल्ड-अप’. मान्सून यायला अजून महिनाभर अवकाश असतो आणि आकाश रोज दुपारी भरून येतं, गडगडतं आणि बहुतेक वेळा न पडताच निघून जातं. दिवसा तेहेतीस-चौतीस अंश, रात्री पंचवीसच्या खाली पारा यायला तयार नाही, आणि हवा इतकी ओली की आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम. माझं बालपण चिपळूणचं, मेअखेरच्या उकाड्याची मला सवय आहे असं मी समजत होते. पण मेअखेर आठ-पंधरा दिवसांत संपतो, हे प्रकरण सप्टेंबरपासून चाललेलं असतं. लोक चिडचिडे होतात, ऑफिसात भांडणं होतात, आणि याला तिथे चक्क हवामानाचा परिणाम म्हणून माफी असते.

सापांना मात्र हेच हवं असतं. सरपटणाऱ्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते हे आपण शाळेत शिकतो, पण नुसत्या उबेवर त्यांचं भागत नाही. ओल लागते. पहिले वळीव पडले की जमिनीतले बेडूक वर येतात, किड्यांची पैदास होते, बेडकांमागे साप निघतात, किड्यांमागे सरडे झाडावरून खाली उतरतात. त्यात आणखी एक फायदा: पावसात माणसाच्या डोक्यावर जाणारं स्पिअर ग्रास नोव्हेंबरपर्यंत वणव्यांत जळून गेलेलं असतं, त्यामुळे जमीन दिसते. हे गवत ज्वारीच्याच कुळातलं. पावसात ते वाढताना बघितलं तर आपल्याकडचा शेतकरी खूश होईल, फक्त दाणे हाती लागणार नाहीत.

आंबोलीला ऐन पावसात रात्री टॉर्च घेऊन चापडे साप आणि बेडूक शोधत फिरण्याचा अनुभव गाठीशी होता. त्यातला निम्मा इथे कामाला आला. उरलेला निम्मा पहिल्याच संध्याकाळी दादाने मोडीत काढला. आंबोलीत आपण ओढ्यात उतरतो, पाण्याच्या कडेने उकिडवे बसून फोटो काढतो. इथे पाण्याच्या काठापासून निदान पाच मीटर लांब, दिवसा सुद्धा, आणि रात्री तर पाणी दिसलं की मागे फिरायचं. खाऱ्या पाण्यातली मगर इथे फक्त खाऱ्या पाण्यात राहत नाही. नदी, डबकं, पुराचं मैदान, सगळीकडे तिचा संचार. वाशिष्ठीच्या चिखलात ऊन खात पडलेल्या मगरी बघत मी मोठी झाले, त्यांच्या जवळून होड्या जातात. “त्या मगरी वेगळ्या आणि या वेगळ्या,” दादा म्हणाला. “इथे तुझी चिपळूणची हुशारी चालणार नाही.”

तयारीत फार काही नव्हतं. दोघांना दोन हेडटॉर्च, एक हातातला जोरदार टॉर्च, भरपूर पाणी, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पोटऱ्या झाकणारे गेटर. बूट सापांसाठी होतेच, पण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माझ्या डोक्यात आधी मेलिऑयडोसिस होता. तिथल्या मातीत त्याचे जंतू असतात, पावसाने चिखल झाला की ते वर येतात आणि पायाच्या छोट्याशा जखमेतूनही आत शिरतात. अनवाणी किंवा चपला घालून चिखलात फिरू नका असं तिथलं आरोग्य खातं दर पावसाळ्यात बजावतं. आपल्या किनारपट्टीवरही हा आजार सापडतो, पण आपण भाताच्या चिखलात अनवाणीच उतरतो.

शिवाय प्रत्येकाच्या खिशात रुंद, ताणली जाणारी दोन बँडेज. ऑस्ट्रेलियात घोणस-फुरशांचं कुळच नाही. जमिनीवरचे सगळे जहाल साप नाग-मण्यारीच्या कुळातले. त्यांचं विष मुख्यतः लसिकावाहिन्यांमधून अंगात पसरतं, म्हणून अख्खा हात किंवा पाय घट्ट गुंडाळून, खपच्या लावून, माणसाला अजिबात हलू न देता मदतीची वाट बघायची, ही पद्धत तिथे १९७० च्या दशकाअखेरीपासून रूढ आहे. आपल्याकडे घोणस किंवा फुरसं चावलं असताना हे करायला जाऊ नये. त्यांच्या विषाने चाव्याच्या जागच्या पेशी सडतात आणि घट्ट बांधल्याने नुकसान वाढू शकतं.

आणि हात लावायचा नाही. डार्विन ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत परवान्याशिवाय वन्य प्राणी पकडणं गुन्हा आहे. आपल्याकडच्या काही सर्पमित्रांसारखं शेपटीला धरून फोटो काढणं तिथे महागात पडतं. मला हा नियम फार आवडला. हात लावायचा नाही म्हटल्यावर माणूस बघायला लागतो.

पहिला दिवस दादाच्या अंगणातच गेला. गिल्बर्ट्स ड्रॅगन नावाचा सडपातळ सरडा तिथे कुंपणावर, पायवाटेवर कुठेही दिसतो. थोडं पळतो, थांबतो आणि पुढचा एक पाय उचलून हलवतो. तिथले लोक त्याला ‘टाटा लिझर्ड’ म्हणतात. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिव्याभोवती पाली जमल्या आणि एक चुकचुकली. मी चमकून वर बघितलं, कारण मी राहते त्या मेलबर्नमध्ये हा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकलेला नाही. ही आपल्याकडचीच जात, आशियातून जहाजांच्या मालाबरोबर इथे आली आणि डार्विनची घरं तिने ताब्यात घेतली. वहिनी डब्यात थालीपिठं भरत होत्या. म्हणाल्या, “सुट्टी काढून, एवढे पैसे खर्चून साप बघायला आलीस? चिपळूणला कमी होते का?” त्यांनी आमच्याबरोबर यायला साफ नकार दिला होता, आणि थालीपिठं बघता मला त्याची काही तक्रार नव्हती.

झालरवाला सरडा, म्हणजे फ्रिलनेक, मला कुठल्याही परिस्थितीत बघायचा होता. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दोन सेंटच्या नाण्यावर तो असायचा. ड्रायमध्ये तो झाडाच्या शेंड्याकडे जाऊन बसतो, खाणं कमी, हालचाल कमी, रंगही मळकट. वळीव सुरू झाले की खोडाच्या खालच्या भागात येतो आणि जमिनीवरची वाळवी, किडे टिपायला उतरतो. दादाची पद्धत सोपी होती. सकाळी आठच्या सुमाराला गाडी सावकाश चालवायची आणि झाडांकडे बघायचं नाही, खोडांच्या कडांकडे बघायचं. सरडा खोडाच्या मध्यावर असला तर सालीत मिसळून जातो, कडेवर असला की डोक्याचा कोन बाहेर आलेला दिसतो.

तासाभरात मला असे पाच-सहा कोन दिसले आणि सगळे तुटलेल्या फांद्यांचे खुंट निघाले. मग एक खुंट हलला. गाडी थांबवून मी डावीकडून गेले, दादा उजवीकडून, कारण एकट्याने गेलं तर तो खोडाभोवती फिरत राहतो आणि आपल्याला नेहमी पलीकडची बाजूच मिळते. दोन्हीकडून माणसं आल्यावर त्याचा नाइलाज झाला. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर तो खोडाला उभा चिकटून होता. झालर मिटलेली, खांद्यावर घड्या पडलेल्या उपरण्यासारखी. घडीच्या कडा दातेरी, आत विटकरी रंगाचे खवले, मध्येच पांढुरके ठिपके. श्वासाबरोबर घड्या किंचित उघडत मिटत होत्या. त्याचा एक डोळा माझ्यावर आणि दुसरा, मला खात्री आहे, दादावर होता.

झालर त्याने उघडलीच नाही. मी मात्र झाडाला हात टेकला आणि हिरव्या मुंग्यांनी मनगटाला डसून घेतलं. या आपल्या ओंबिलांच्याच जातीच्या, पानं शिवून घरटी करणाऱ्या, फक्त इथे त्यांचं पोट हिरवं. मी हात झटकला तेवढ्यात सरडा खाली उडी मारून मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि पळाला. दोन पायांवर, छाती काढून, पुढचे हात लोंबकळत. दहा-बारा मीटर गेला, पुढच्या झाडावर चढला आणि पुन्हा खुंट झाला. दादा एवढा हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं.

दुपार आम्ही झोपण्यात घालवली, आणि ते गरजेचंही होतं. अकरा ते चार या वेळात जनावरं माणसांपेक्षा शहाणी असतात.

खरं काम सूर्यास्तानंतरचं. डार्विनपासून तासाभराच्या अंतरावर अॅडलेड नदीच्या पूरमैदानाला लागून फॉग डॅम आहे. १९५० च्या दशकात इथे भातशेतीचा मोठा प्रकल्प काढला होता, त्यासाठी हा बांध घातला. प्रकल्प काही वर्षांत बुडाला. दोष मॅगपाय हंसांच्या थव्यांना दिला जातो, पण पाण्याचं आणि शेतीचं गणितच चुकलेलं होतं. भात गेला, बांध राहिला, आणि त्या पाण्यावर पक्षी, बेडूक, साप यांची चंगळ झाली. मैदानातली काळी माती ड्रायमध्ये आपल्या मराठवाड्यातल्या रानासारखी भेगाळते. त्या भेगांत डस्की रॅट नावाचे उंदीर राहतात आणि त्या उंदरांवर वॉटर पायथन जगतात. वॉटर पायथन म्हणजे पाणथळीतला मध्यम आकाराचा अजगर. या दोघांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी इथे कैक वर्षं केला आहे. २००७ च्या मोठ्या पुरात भेगांतले उंदीर बुडून जवळजवळ संपले, तेव्हा पुढे अजगरही उपासमारीने खंगले.

फॉग डॅमजवळच्या छोट्या डांबरी रस्त्यांवर आम्ही अंधार पडल्यावर गाडी काढली. मोठा हायवे यासाठी वापरू नये. तिथून पन्नास-पन्नास मीटर लांबीच्या रोड ट्रेन जातात, त्यांना ब्रेक लागेपर्यंत साप, गाडी आणि आपण तिघंही संपलेलो असतो. भाड्याची गाडी असेल तर विम्याची कलमं आधी वाचावीत, कारण गावाबाहेर रात्री चालवायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. आमच्याकडे दादाची स्वतःची होती. ताशी तीस किलोमीटर, खिडक्या खाली, एसी बंद, गप्पा बंद. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतं आणि साप रस्ता ओलांडताना तिथे रेंगाळतात.

“दादा, थांब थांब. मागे घे.”

“अगं, काठी आहे ती.”

“वळलेली होती.”

“वळलेली काठी.”

काठीच होती. पुढची पण काठी. मग टायरचा तुकडा, मग कुणीतरी फेकलेला दोर. आपल्याकडे वेदान्ती लोक दोरीच्या जागी साप दिसण्याचा दाखला देतात. त्यांनी एकदा या रस्त्यावरून रात्री फिरायला हवं होतं, शिष्य कंटाळून घरी गेले असते. पण हळूहळू नजर बसते. काठीची सावली तुटक असते, सापाची सलग. काठीला फाटे असतात. साप हेडलाइटमध्ये ओला असल्यासारखा चमकतो, जरी कोरडा असला तरी.

पहिला खरा साप दादाने ओळखला आणि मी काठी म्हटलं होतं. दीड-दोन मीटरचा वॉटर पायथन, आरामात आडवा पडलेला. चारही इंडिकेटर लावून, मागेपुढे बघून आम्ही उतरलो आणि आधी पायाखालची जमीन टॉर्चने बघून घेतली. एक साप दिसला की दुसऱ्याकडे लक्ष राहत नाही.

मी रस्त्यावर बसले. लांबून तो नुसता काळपट तपकिरी वाटला होता. टॉर्च तिरपा धरला आणि त्याच्या पाठीवर निळा, जांभळा, हिरवा असे रंग खवल्याखवल्यावरून सरकायला लागले. पोट हळदीसारखं पिवळं, आणि तो पिवळा रंग कुशीवर जिथे संपतो तिथे रेघ आखल्यासारखी स्पष्ट. खालच्या ओठाच्या कडेला बारीक खाचांची रांग होती. उंदराच्या अंगाची उष्णता तो त्या खाचांनी ओळखतो. जीभ सावकाश बाहेर आली, वर, खाली, आणि आत. अंगाच्या मध्याच्या जरा पुढे एक फुगवटा होता, म्हणजे जेवण झालेलं होतं. आम्ही होतो तोवर त्याने कसलीच घाई केली नाही. मग डोकं उचलून पलीकडच्या साइडपट्टीकडे निघाला, आणि शेपटी रस्त्यावरून जाईपर्यंत आम्ही दोघं इंडिकेटर लावलेल्या गाडीमागे वाहतूक पोलिसांसारखे उभे होतो.

त्या रात्री आणखी अजगर दिसले, एक बारीक चिल्ड्रन्स पायथन, आणि एका कुंपणाच्या तारेवर लालसर पट्ट्यांचा नाइट टायगर. तो आपल्या मांजऱ्या सापाच्याच वंशातला, तेच मोठे डोळे, तीच उभी बाहुली, तोच तापट स्वभाव. गवतात टॉर्च फिरवला की शेकडो हिरवट ठिणग्या चमकायच्या. ते कोळ्यांचे डोळे. लांब पाण्यावर एक तांबडा ठिपका दिसला, तो कोळी नव्हता. आम्ही गाडीत बसलो. नंतर एका वळणावर रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांसासाठी आशियातून आणलेल्या म्हशींची ही रानटी प्रजा. ती हलेना, दादाने गाडी बंद केली. मी खिडकीतून “हॅक हॅक” केलं. ती निघून गेली. दादाचं म्हणणं ती आपणहून गेली.

आणि सगळ्यात जास्त दिसले ते केन टोड, म्हणजे मोठे भेक. रस्त्यावर, दिव्याखाली, टॉयलेटच्या दारात. १९३५ साली क्वीन्सलंडमध्ये उसाच्या भुंगेऱ्यांवर उपाय म्हणून हवाईहून सुमारे शंभर टोड आणले. भुंगेऱ्यांचं त्यांनी काही वाकडं केलं नाही. टोड मात्र पश्चिमेकडे सरकत राहिले, २००१ च्या सुमाराला काकाडू राष्ट्रीय उद्यानात, २००५ मध्ये फॉग डॅमवर पोहोचले. जे सगळ्यात पुढे असतात त्यांचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्याचं शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. त्यांच्या खांद्यामागच्या ग्रंथींत विष असतं. ऑस्ट्रेलियात या कुळातला प्राणी पूर्वी नव्हताच, त्यामुळे बेडूक समजून ज्याने तोंड घातलं तो मेला. मोठ्या घोरपडी, क्वोल नावाचा ठिपकेदार शिकारी, डेथ अॅडर नावाचा साप. काही ठिकाणी पिवळ्या ठिपक्यांच्या घोरपडी दहातल्या नऊहून जास्त गेल्या. दादा म्हणतो, तो नवीन आला तेव्हा फॉग डॅमच्या वाटेवर घोरपड म्हणजे कौतुकाची गोष्ट नव्हती. मला पूर्ण प्रवासात झाडावरच्या छोट्या जातीच्याच दिसल्या.

म्हणून डेथ अॅडर दिसला तेव्हा दादा जवळजवळ ओरडलाच. जोराचा वळीव येऊन गेला होता, डांबरातून वाफ निघत होती, आणि साइडपट्टीच्या पाचोळ्यात एक आखूड, जाड, करड्या पट्ट्यांचा साप बसला होता. त्रिकोणी डोकं, बारीक मान.

“घोणस,” मी म्हटलं.

“इथे कुठली घोणस?”

दिसायला घोणशीचा चुलतभाऊ, नातं नागाशी. घोणशीसारखाच एका जागी दबून बसून शिकार करतो, म्हणून अंगही तसंच घडलेलं. शेपटीचं टोक फिकट आणि अळीसारखं बारीक. ते तोंडाजवळ आणून वळवळवायचं आणि खायला येणाऱ्या बेडकाला धरायचं, ही त्याची युक्ती. टोडही त्याच वळवळीला फसून येतो, आणि इथेच घात होतो. आम्ही तीन मीटरवर उभे होतो, त्याहून जवळ जायचं कारण नव्हतं. त्याने टोक हलवलं नाही, मान वळवली नाही, काहीच केलं नाही. पंधरा-वीस मिनिटं आम्ही भिजलेल्या गवतात डासांना रक्त देत एका न हलणाऱ्या सापाकडे बघत होतो. तो तरणा होता. म्हणजे टोड आल्यानंतर कितीतरी वर्षांनी इथे कुणीतरी जगून, वाढून पिल्लं घातली होती.

काकाडूत आम्ही नंतर गेलो. जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान तिथल्या मूळ मालकांच्या, बिनिन्ज आणि मुंग्गुय लोकांच्या, सहभागाने चालतं. ते वर्षाचे सहा ऋतू धरतात आणि आम्ही आलो तो गुनुमेलेंग, वळवांचा. ईस्ट अॅलिगेटर नदीच्या पलीकडे आर्नहेम लँड, मूळ रहिवाशांचा मुलूख, तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. या नदीवरच्या काहिल्स क्रॉसिंग या फरशी पुलावर भरतीची वेळ बघून जावं. भरतीचं पाणी फरशीवरून चढायला लागलं की मुलेट मासे त्याच्याबरोबर वर येतात आणि मगरी तोंड प्रवाहाकडे करून ओळीने थांबतात. वरच्या कठड्यावरून मी वीसच्या पुढे मोजल्या आणि सोडून दिलं. १९७१ मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा टेरिटरीत सुमारे तीन हजार मगरी उरल्याचा अंदाज होता, आता लाखभर सांगतात. त्याच फरशीवरून माणसं गाड्या नेतात. काही जण पायी जायचा मूर्खपणाही करतात आणि तिथे जीव गेलेले आहेत.

उबिरच्या कातळावर मासे, कासवं, घोरपडी रंगवलेल्या आहेत, माशांच्या तर आतल्या कण्यासकट. एका उंच कपारीखाली टास्मानियन टायगर या आता नामशेष झालेल्या पट्टेरी शिकारी प्राण्याचं चित्र आहे. मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी गेला. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती मला आठवला. आज रत्नागिरीत कुठे हत्ती आहे? तिथून नावुर्लांजाच्या खडकावर गेलो ते एका टोळासाठी. लाइकहार्ट्स ग्रासहॉपर: शेंदरी अंगावर गडद निळे ठिपके, एका ठरावीक वासाच्या झुडपावर बसलेला. स्थानिक लोक त्याला अल्युर म्हणतात, विजेचा कर्ता मानलेल्या नामर्गोन या पूर्वजाचं लेकरू. विजा चमकायला लागल्या की तो दिसतो. आम्हाला एक जोडी मिळाली. खडकावर तेव्हा इतकं तापत होतं की फोन गरम होऊन बंद पडला, त्यामुळे पुरावा नाही.

शेवटच्या रात्री पाऊस धरून पडला. बेडकांनी असा काही गोंधळ घातला की गाडीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. एका भरलेल्या चराजवळ दादाने टॉर्च रोखला आणि मला हाताने थांबवलं. करंगळीपेक्षा जरा जाड, तपकिरी कीलबॅक, आपल्या पाणदिवडाचा नातेवाईक. तोंडात एका छोट्या टोडची तंगडी. टोड फुगून बसला होता, साप सोडत नव्हता. कीलबॅकचे पूर्वज आशियातून आले, तिथे टोड खाऊन त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. ती विष पचवायची ताकद त्यांच्यात टिकून राहिली, म्हणून इथे बाकीचे साप मरत असताना हा छोटे टोड खाऊन जगतो. गिळायला त्याला बराच वेळ लागला. मधेच टोड सुटेल असं वाटलं, तेव्हा दादा सापाच्या बाजूने, “धर, धर, सोडू नकोस,” असं मराठीत सांगत होता.

त्या पावसाने मगेला ओढ्याचं पाणी वाढायला लागल्याचं कळलं, तेव्हा आम्ही पहाटेच काकाडूतलं जबिरू गाव सोडलं. नोंदी आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकल्या. डेथ अॅडरची नेमकी जागा झाकली, कारण साप चोरून विकणारे तिथेही आहेत. ओएनपेली पायथन मात्र राहिला. खडकाळ पठारावरचा हा लांबलचक अजगर तिथे फिरणाऱ्यांनासुद्धा क्वचित दिसतो. दादाने त्यासाठी मार्चचं नाव काढलंय. मार्चमध्ये तिकडचे निम्मे रस्ते पाण्याखाली असतात हेही त्यानेच मला सांगितलं होतं, आणि वहिनींचं मत मी अजून विचारलेलं नाही.